नोकरीतल्या शिक्षकांना टीईटी: नियम नेमका काय, आणि अभ्यास करायचा कसा?

१ सप्टेंबर २०२५च्या संध्याकाळी आमच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच बातमी फिरत होती. सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची केली होती. रात्री नऊ वाजेपर्यंत त्या बातमीच्या दहा आवृत्त्या झाल्या. कुणी लिहिलं, सगळ्यांना घरी बसवणार. कुणी लिहिलं, आपल्याला हे लागूच नाही. जेवण आटोपून बसलो तर शेजारच्या वर्गाच्या बाईंचा फोन. बावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवतायत. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, माझं काय होणार?"

त्यांना नीट उत्तर देता यावं म्हणून मी निकाल समजून घेतला. नंतर आम्ही चार-पाच जण मिळून अभ्यासाला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगतो.

टीईटी आली कुठून?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला आपण आरटीई म्हणतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्याची किमान पात्रता काय असावी, हे ठरवायची सोय या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. ते काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आलं. एनसीटीईने २३ ऑगस्ट २०१०ला अधिसूचना काढली. पहिली ते आठवीला शिकवायचं तर डीएड किंवा बीएडबरोबर टीईटीही हवी, असं तीत म्हटलं. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली परीक्षा २०१३च्या डिसेंबरात झाली.

आरटीई पहिली ते आठवीपुरता आहे, हे इथेच लक्षात ठेवा. नववी-दहावीसाठी नेमलेल्या शिक्षकांचा या निकालाशी संबंध नाही. गोंधळ होतो तो पाचवी ते दहावीच्या हायस्कुलांत. तिथल्या शिक्षकांनी आपला नेमणूक आदेश काढून पाहावा आणि नेमणूक कोणत्या गटासाठी आहे ते वाचावं. वेळापत्रकात दहावीचा एखादा तास आहे म्हणून गट बदलत नाही.

मग जुने शिक्षक इतकी वर्षं निश्चिंत का होते?

त्याला कारण होतं, आणि ते आळसाचं नव्हतं. २०१०च्या त्याच अधिसूचनेत अशी तरतूद होती की, त्याआधी नियमाप्रमाणे नेमलेल्या शिक्षकांना ही नवी किमान पात्रता मिळवण्याची गरज नाही. म्हणजे सरकारी कागदच सांगत होता की तुम्हाला सूट आहे. बाईंची नेमणूक २००३ची. त्यांनी परीक्षा दिली नाही ती कागदावर विश्वास ठेवून. त्यांना दोष देणाऱ्यांनी तो कागद आधी वाचावा.

पुढे २०१७ मध्ये आरटीईमध्ये दुरुस्ती झाली. ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या, पण किमान पात्रता नसलेल्या शिक्षकांना ती मिळवायला चार वर्षं मिळाली. ती मुदत ३१ मार्च २०१९ला संपली. या किमान पात्रतेत टीईटी धरायची की नाही, यावरच सगळा वाद होता. महाराष्ट्र आणि तामिळनाडूतून गेलेल्या प्रकरणांत न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने सांगितलं की, धरायची. अधिसूचनेपेक्षा कायदा मोठा, हा त्यामागचा सरळ अर्थ.

निकालात नेमकं काय आहे?

कायदा शब्दशः लावला असता तर हजारो घरांवर एका दिवसात संकट आलं असतं. न्यायालयाला याची जाणीव होती. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा खास अधिकार त्याने वापरला आणि आरटीईच्या आधी लागलेल्या शिक्षकांचे दोन भाग केले.

निकालाच्या दिवशी ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरला होता, ते टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत काम करू शकतात. मात्र पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागेल. ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा बाकी होती, त्यांनी निकालापासून दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायचं. नाही झाले तर सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती मिळेल. अशा वेळी आवश्यक तेवढी सेवा झालेली असेल तर निवृत्तीचे नियमानुसार मिळणारे लाभ मिळतील.

आता हिशोब करू. आपल्याकडे शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतात. एखाद्या सरांचा जन्म जून १९७० चा असेल तर ते २०२८ मध्ये निवृत्त होणार, म्हणजे परीक्षेशिवाय सेवा पूर्ण करणार. बाईंचा जन्म १९७९चा. निवृत्ती २०३७ला. त्यांना परीक्षा द्यायचीच आहे आणि दोन वर्षांची मुदत १ सप्टेंबर २०२५ पासून मोजायची आहे. आरटीई आल्यानंतर लागलेल्यांना तर ही अट मुळापासूनच होती.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न वेगळा आहे. त्या शाळांना आरटीई लागू नाही, असा २०१४चा घटनापीठाचा निकाल आहे. तो बरोबर होता का, हे मोठ्या पीठाने तपासावं म्हणून खंडपीठाने तो मुद्दा सरन्यायाधीशांकडे पाठवला.

"बावीस वर्षं शिकवलं, आता परीक्षा कसली?"

हा प्रश्न मी सगळ्यात जास्त ऐकला आणि त्यामागचा सल मला कळतो. ज्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज डॉक्टर, तलाठी, शिक्षक आहेत, त्यांना तुमची पात्रता सिद्ध करा म्हटलं की लागतंच.

मी बाईंना सातबाऱ्याचं उदाहरण दिलं. वीस वर्षं एखादं शेत कसलं, त्यातली कुठली पट्टी चिबड आणि कुठली हलकी हे अंधारातही सांगता येतं. तरी सातबाऱ्यावर नाव नसेल तर बँक पीककर्ज देत नाही. बँकेचा माणूस काही म्हणत नाही की तुम्हाला शेती येत नाही. त्याला कागद हवा असतो. टीईटी हा तसा कागद आहे. तुम्ही कसं शिकवता याचं मोजमाप या परीक्षेत होत नाही आणि तसा दावाही तिने केलेला नाही. मुलांसमोर उभं राहायला जे किमान ज्ञान हवं ते आहे, एवढीच नोंद ती करते.

ही नोंद वीस वर्षांनी, नोकरीच्या जिवावर मागावी का? माझं स्वतःचं मत विचाराल तर नाही. सेवेत असलेल्यांसाठी प्रशिक्षणाला जोडलेली टप्प्याटप्प्याची वाट काढता आली असती. पण मत मांडायला संघटना आहे, मोर्चा आहे, याचिका आहे. मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही.

पेपर असतो कसा?

पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, १५० बहुपर्यायी प्रश्न, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के.

पेपर एकमध्ये पाच विभाग आहेत आणि प्रत्येकाला ३० गुण: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित, परिसर अभ्यास. पेपर दोनमध्ये पहिले तीन तसेच, आणि उरलेल्या ६० गुणांना गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे. आशय आपल्याच इयत्तांचा असतो, पण काठिण्यपातळी पेपर एकला दहावीपर्यंत आणि पेपर दोनला बारावीपर्यंत जाऊ शकते. "चौथीचंच गणित आहे" म्हणून गेलेले इथेच फसतात. राज्यातला निकाल काही वेळा पाच टक्क्यांच्याही आत लागला आहे.

आणि १५० प्रश्नांना १५० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट. हा आकडा मी मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण आमची खरी अडचण तिथे निघाली.

शनिवारची बैठक

आमची शाळा शनिवारी सकाळची. मुलं गेली की आम्ही पाच जण दुसरीच्या वर्गात बसायचो, मागचा एखादा पेपर घ्यायचो आणि मोबाइलवर अडीच तास लावायचो. पहिल्या शनिवारी गणितात सगळ्यात कमी गुण पडले ते आमच्या गणिताच्या सरांना. ३० पैकी १२. पंचक्रोशीत अपूर्णांक शिकवावेत ते या सरांनी. भाकरीचे तुकडे करून असे शिकवतात की पोरगं आयुष्यभर विसरत नाही. ते कागद हातात धरून कितीतरी वेळ बोललेच नाहीत.

आम्ही त्यांचं कच्चं काम पाहिलं. प्रश्न होता, ३/४ आणि ५/७ यांत मोठा कोणता. सरांनी २८ हा समान छेद काढला होता, दोन्ही अपूर्णांक पायरी-पायरीने पुन्हा लिहिले होते, खाली आकृती काढून त्यातले भाग छायांकित केले होते. उत्तर अचूक. वेळ साडेतीन मिनिटं. फळ्यावर याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही. परीक्षेत मात्र ३ गुणिले ७ एकवीस, ५ गुणिले ४ वीस, म्हणून ३/४ मोठा, एवढंच करून पुढे जायचं होतं. सर १२वर अडकले कारण ते समोर मुलं बसली आहेत असं समजून सोडवत होते. शेवटचे अकरा प्रश्न त्यांनी पाहिलेच नव्हते.

त्या दिवशी आम्ही चुकांची वही सुरू केली. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहायचा आणि समोर चुकण्याचं कारण. कारणं चारच निघाली. ते माहीतच नव्हतं. माहीत होतं, पण आठवलं नाही. प्रश्न नीट वाचला नाही. किंवा वेळ गेला. या चारांवर चार निराळी औषधं आहेत. माहीत नसेल तर पुस्तक उघडायचं, आणि तेही बालभारतीचं, कारण आशय तिथलाच. आठवत नसेल तर पुस्तक पुन्हा वाचून फारसा उपयोग नाही, ते मिटून आठवायचा सराव करायचा. "पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?" असल्या प्रश्नांत वाचण्याची चूक होते; तिथे "अयोग्य नाही"खाली पेन्सिलीने रेघ मारायची. वेळ जात असेल तर घड्याळ लावून रोज वीस प्रश्न.

सरांच्या वहीत पहिल्या महिन्यात "वेळ गेला" हेच कारण पानोपानी होतं. ते गणिताची गाइडं विकत घेणार होते. वहीने त्यांचे पैसे वाचवले. पाचव्या शनिवारी सरांना गणितात २२ गुण पडले.

शिक्षकाला ही गोष्ट नवी नाही. आकारिक मूल्यमापन म्हणून आपण २०१०पासून हेच करतोय. मुलाने पंचवीस ऐकून ५२ लिहिलं तर आपण नुसती फुली मारत नाही. मराठीत आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस, म्हणून त्याने तसं लिहिलं, हे आपण ओळखतो. याच अडचणीसाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस पाच" अशी वाचनाची पद्धत आली होती आणि त्यावर राज्यभर वाद झाला होता. पद्धत कुणाला पटो न पटो, चुकीचं कारण शोधायला हवं हे सगळ्यांना मान्य होतं. मुलांच्या वहीत आपण जे करतो ते स्वतःच्या वहीत करायला मात्र आपण लाजतो.

पुस्तक मिटून आठवणं म्हणजे काय?

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने अर्थ नसलेले अक्षरगट स्वतः पाठ केले आणि किती वेळाने किती विसरलं हे मोजलं. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो आणि मग मंदावतो, असं त्याला दिसलं. नंतरच्या अनेक प्रयोगांत असंही दिसलं की, तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून लिहिलं तर तो जास्त काळ टिकतो. शेतातली पायवाट जशी चालून टिकते तसं आहे हे. बांधावर उभं राहून वाटेकडे कितीही पाहिलं तरी गवत माजायचं ते माजतंच.

म्हणून धडा एकदा वाचा, मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी. सुरुवातीला कागद निम्मा कोरा राहतो आणि वाईट वाटतं. ते चालेल. सलग चार तास वाचून "सगळं झालं" असं वाटणं जास्त धोक्याचं.

बालमानसशास्त्राची भीती

पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञांची नावं पाहून बाई म्हणाल्या, "हे मी डीएडला पाठ केलं होतं, आता एक अक्षर आठवत नाही." मी विचारलं, पहिलीतल्या पोराची एक चपाती मोडून चार तुकडे ताटात ठेवले तर तो काय म्हणतो? त्या हसल्या. "म्हणतो, मला जास्त मिळाली." पियाजेने मांडलेली अक्षय्यतेची कल्पना ती हीच. आकार बदलला तरी प्रमाण तेवढंच राहतं, हे साधारण सातव्या वर्षाच्या आधी मुलाला उमगत नाही. बाईंनी हे शेकडो वेळा पाहिलेलं होतं. त्याला नाव आहे, एवढंच नव्याने कळलं.

वायगॉट्स्कीचंही तसंच. विहिरीत पोहायला शिकताना आधी पाठीला पत्र्याचा डबा बांधतात. मग डबा काढून कमरेला दोर. मग दोर सैल सोडून काठावर नुसतं कुणीतरी उभं. मुलाला एकट्याला जमत नाही, पण कुणाच्या मदतीने जमतं, अशा टापूला तो निकट विकास क्षेत्र म्हणतो. डबा आणि दोर म्हणजे आधार. आधार वेळेवर काढायचा असतो हे त्यातलं महत्त्वाचं, आणि पेपरात प्रश्नही बहुतेक त्यावरच फिरतो. या विभागाचे ३० गुण अनुभवी शिक्षकाचे हक्काचे आहेत. प्रत्येक सिद्धांतासमोर आपल्या वर्गातला एक प्रसंग लिहा, पाठांतराचा भार निम्म्याने उतरेल.

"पास झालो म्हणजे चांगला शिक्षक झालो का?"

नाही. बहुपर्यायी प्रश्नातून मुलाला जवळ घेणं मोजता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल शाळेत टिकवणं तर नाहीच. त्यासाठीची वाढ आयुष्यभर चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. हे तास ऑनलाइन प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं गोळा करण्यात संपतात, हे मला मनापासून खुपतं. महिन्यातून एकदा सहकाऱ्याला आपल्या वर्गात मागे बसवून पाहा. मुलं कुठे गोंधळली तेवढंच त्याने टिपायचं. एका तासाच्या त्या टिपणातून जे कळतं ते दिवसभराच्या प्रशिक्षणातही कळत नाही.

"वेळ कुठून आणायचा?"

तक्रार खरी आहे. आरटीईच्याच कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात रोजची ऑनलाइन माहिती भरण्यातच दुपार जाते. ज्या कायद्याखाली परीक्षा मागितली, त्याच कायद्यातलं हे कलमही पाळा, ही मागणी लावून धरायलाच हवी.

तोवर आमच्यापैकी बहुतेकांना दिवसाला पाऊण तास मिळाला. बाई पहाटे पाचला उठून वीस प्रश्न सोडवतात. गणिताच्या सरांनी मुलीलाच परीक्षक केलंय. ती दहावीला आहे, रात्री जेवणानंतर ती प्रश्न विचारते आणि घड्याळ धरते.

"उद्या नियमच बदलला तर मेहनत वाया?"

निकालानंतर काही राज्यांनी आणि शिक्षक संघटनांनी फेरविचाराची मागणी न्यायालयात नेली. मिळालं तर आनंदच आहे. पण टीईटीचं प्रमाणपत्र आधी सात वर्षांपुरतं असायचं, २०२१ पासून ते आयुष्यभर ग्राह्य आहे. पदोन्नतीला ते लागणारच. सूट मिळाली तरी कागद तुमच्याजवळ राहतो.

परीक्षा कितीही वेळा देता येते. अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतं का ते आधी पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांनी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र आत्ताच शोधून ठेवावं. पहिल्या वेळी हुकलं तर ज्या विभागात गुण गेले तो वहीत शोधावा आणि पुढच्या अर्जाची जाहिरात येण्याआधी त्यालाच हात घालावा. बाईंच्या वहीत सध्या इंग्रजीची पानं सगळ्यात जास्त आहेत. येत्या शनिवारी आम्ही तिथूनच सुरू करणार आहोत.